चौकातला फलक

नवऱ्याच्या दहाव्याच्या सकाळी साडेसातला योगिनीने दूध तापत ठेवले, गॅस बारीक केला आणि पुतण्या केतनने पुढे धरलेला मोबाइल चष्मा लावून पाहिला. विठ्ठलवाडीच्या चौकात लावायच्या श्रद्धांजलीच्या फलकाचा तो नमुना होता. वर हसरे मारुतीराव, खाली सोनेरी अक्षरांत ‘कुटुंबवत्सल’.

“हा शब्द कोणाचा रे?”

“मंडळाचा, काकू. सगळे म्हणाले, काका म्हणजे आमच्या घरचाच माणूस.”

“त्यांच्याच घरचा.”

मंडळातल्या प्रत्येकाच्या घरच्या बारशाला मारुतीराव पहाटेपासून राबत. संचिताच्या, पोटच्या मुलीच्या बारशाला मात्र ते पंगती उठल्यावर आले आणि तिचे नाव काय ठेवले, हे त्यांनी शेजाऱ्यांना विचारले.

“मग काढू का शब्द?”

“राहू दे. ज्यांना तसा लाभला, त्यांनी म्हणावं.” तिने खालच्या शोकाकुलांच्या यादीवर बोट ठेवले. पहिले नाव तिचे होते. “हे तेवढं काढ.”

“काकू! लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. रडायला मंडळ आहे ना?”

केतन जागचा हलेना. तेव्हा तिनेच फलकवाल्याला फोन लावला आणि किराणा सांगावा तशा सुरात म्हणाली, “यादी दुसऱ्या नावापासून सुरू करा.”