पुढचं पान

“पण हे वापरणार कोण?” माझा फोन आणि टॅब शेजारी शेजारी ठेवत गुंतवणूकदार देवस्थळींनी विचारलं.

बाबांनीही हेच विचारलं होतं. या वाचनाच्या अ‍ॅपसाठी मी नोकरी सोडल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. काल ते फोन घरीच टाकून, फक्त आपला टॅब घेऊन निघून गेले. अजून पत्ता नव्हता.

मी अ‍ॅपमध्ये एक पुस्तक उघडलं. “फोनवर जिथे वाचन थांबेल, तेच पान टॅबवर येतं.”

हात न लावताच दोन्हीकडे पान उलटलं. पुन्हा उलटलं.

“बिघडलंय की हो!”

घाबरून मी पाहिलं. गडबडीत घरचं खातं उघडलं होतं, बाबांचं आणि माझं एकच.

टॅब जवळ ओढत मी म्हणाले, “बिघडलं नाहीये, सर. बाबा वाचतायत.”