डब्यातला दुसरा आवाज

गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या पुढच्या एका गावावर वैरागडे सरांनी माहितीपट केला होता. चंद्रपुरात त्याला टाळ्या पडल्या, म्हणून यंदा ते लॅपटॉप घेऊन गावातच दाखवायला आले. शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले.

"व्हिडिओची फाईल म्हणजे डबा समजा," सर म्हणाले. "एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात माझं निवेदन आणि तिसऱ्यात तुमचा खरा आवाज. पाहिजे तो लावता येतो."

पडद्यावर सोमारीबाई जीपसमोर हात जोडून काहीतरी सांगत होत्या. वर सरांचं निवेदन चालू होतं, "पाहुण्यांना निरोप देताना सोमारीबाईंचे डोळे भरून येतात."

"आता हेच तुमच्या गोंडीत ऐका." सरांनी चित्र मागे नेलं आणि आवाज बदलला. त्यांना स्वतःला गोंडी येत नव्हती.

समोरच बसलेल्या सोमारीबाई नातीला कडेवर घेऊन उठून गेल्या.

"काय म्हणाल्या त्या, बिरजूभाऊ?" सरांनी शेजारी बसलेल्या गावकऱ्याला विचारलं.

बिरजू खाली पाहत म्हणाला, "सून अडली हाये, तुमच्या जीपमंदी दवाखान्यात घेऊन चला, म्हणून राह्यली थे. तुमी हासून हात हालवला अन् गेले. मंग आमी खाटेवर नेलं तिले. पोरगी वाचली. सून रस्त्यातच गेली."

सर घाईघाईने फाईल बंद करायला गेले. भलतंच बटण दाबलं गेलं, चित्र पुन्हा मागे गेलं, आणि डब्यातून पुन्हा त्यांचाच आवाज आला.



"पाहुण्यांना निरोप देताना सोमारीबाईंचे डोळे भरून येतात."