भामाबाईंचं सामान

सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या भामाबाई घरात पडल्या. मनगट मुरगळण्यावर निभावलं, पण पुण्यात राहणारा मुलगा तुषार घाबरला. "आई, आता एकटीनं राहायचं नाही," असं फोनवर बजावून तो पुढच्याच रविवारी टेम्पो घेऊन बेलापूरला आला.

घरात काहीच बांधाबांध झालेली नव्हती. भामाबाईंनी त्याला हाताला धरून सगळं घर दाखवलं. न्हाणीघराच्या भिंतीला धरायला स्टीलचे दांडे बसवले होते. उंच उंबरा गवंड्याकडून फोडून सपाट करून घेतला होता. पलंगावरून हात पोचेल असं दिव्याचं बटण आलं होतं, आणि घराची एक किल्ली शेजारच्या कैनातकडे दिलेली होती.

"हे सगळं कधी केलंस?"

"तू टेम्पो ठरवत हुतास तवा. आमच्या पेन्शनर मंडळात सांगत्यात हे सगळं."

"पण परत पडलीस तर?"

"तर उठीन. न्हाईच उठता आलं तर कैनातला हाक मारीन. पर ह्या घरातनं मी हलनार न्हाई."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

"आता त्याला काय सांगू? रिकामाच परत नेऊ?"

"रिकामा कशाला?" भामाबाई म्हणाल्या. "तू दिवाळीला आनलेला गालिचा भर त्यात. त्याच्यातच पाय अडकून पडले हुते मी."