तिसरं नको

"तीन दिवस माझी नात शाळेतून उपाशी घरी येतेय," मनोरमाबाई म्हणाल्या. "मीनल, सांग त्यांना."

मीनलने सासूबाईंचं म्हणणं जर्मनमध्ये सांगितलं. मसुराच्या पातेल्यामागे उभा असलेला फेल्डवेबेल क्राउस, म्हणजे आपल्याकडचा हवालदार, सावधान झाला. जर्मन सरकारने देशभरच्या शाळांत फुकट पौष्टिक जेवण सुरू केलं होतं आणि वाढपी मिळेनात म्हणून सैन्य बोलावलं होतं. क्राउसच्या अंगावर जंगलात लपायचा हिरवा गणवेश होता. गार्चिंग गावातल्या शाळेच्या त्या जेवणघरात एकही झाड नसल्यामुळे तो लगेच दिसत होता.

त्याने वही उघडली. "अन्वी, वय सात. सोमवारी विचारलं, वाढू का? नाइन म्हणाली. मंगळवारी नाइन. बुधवारी नाइन." नाइन म्हणजे जर्मनमध्ये नको.

"किती वेळा विचारलंत?" मनोरमाबाईंचा प्रश्न मीनलने पोचवला.

"रोज एकदा."

मनोरमाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं! मीच शिकवलंय तिला."

"अन्वी, भूक होती ना?" मीनलने शेजारी उभ्या असलेल्या लेकीला विचारलं.

"या," म्हणजे हो, अन्वी म्हणाली आणि पुढचंही जर्मनमध्येच सांगितलं. काका परत विचारतील म्हणून ती थांबली होती. पण रांग पुढे गेली.

"लिहून घ्या," मनोरमाबाई क्राउसला म्हणाल्या. "पहिलं नको ही रीत. दुसरं नको, तीही रीतच. तिसरं नको ते खरं."

मीनलने भाषांतर केलं. क्राउसने लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि वर तारीख घातली. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, तो म्हणाला.

गुरुवारी आठ सैनिकांनी दोनशे दहा मुलांना प्रत्येकी तीनदा विचारलं. रांग पार व्यायामशाळेपर्यंत गेली. ज्या मुलांना खरंच नको होतं, त्यांनीही तिसऱ्या वेळेला घाबरून ताटली पुढे केली. अन्वी दोनदा नाइन म्हणाली, तिसऱ्यांदा 'या' म्हणाली आणि घरी येऊन ढेकर दिली. ढेकर मराठीत होती.

शुक्रवारी मनोरमाबाई रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन शाळेत गेल्या. पहिला लाडू त्यांनी क्राउससमोर धरला.

"नाइन, डांके," क्राउसने आभार मानून नकार दिला. ड्यूटीवर असताना काही घ्यायचं नाही, असा नियम होता.

मग समोरच्या भिंतीकडे नजर ठेवून, तळहात पुढे करून तो थांबला.