निबेबे

“निबेबे... निबेबे...” तापाने फणफणलेल्या दोन वर्षांच्या तनयने सकाळपासून एकच धोशा लावला होता. वृषालीने पाणी दिलं, दूध दिलं, मऊ भात भरवून पाहिला. त्याने सगळं ढकलून दिलं.

तिला दार-ए-सलामला नोकरी लागल्यापासून दिवसभर त्याला आया नीमाच सांभाळायची, तिच्या स्वाहिलीत बोलायची. वडील वारले म्हणून ती काल गावी गेली. तिचा फोन लागत नव्हता. नवरा दूर खाणीवर. डॉक्टरांचं औषध देऊनही ताप उतरेना.

“मराठीत सांग ना रे, सोन्या!” वृषाली रडकुंडीला आली. पोटचं पोर काय मागतंय, तेच आईला कळत नव्हतं.

शेवटी त्याला कडेवर घेऊन ती भर उन्हात फाटकापाशी धावली. “निबेबे म्हणजे काय?” तिने विचारलं. “पाठीवर घे म्हणतोय, बाई,” म्हातारा वॉचमन मोडक्या इंग्रजीत म्हणाला. “नीमा बांधायची ना, तसं.”

वृषालीने ओढणी पुढे केली. म्हाताऱ्याने तनयला तिच्या पाठीशी घट्ट बांधलं. पोराने गाल टेकला आणि तो गप्प झाला. हुंदके आवरत ती घरभर येरझाऱ्या घालत राहिली. दुपार कलली तेव्हा तिची पाठ ओलीचिंब झाली होती. घाम सुटून तनयचा ताप उतरत होता.