वगळलेलं गाव

"निवखोलच्या विहिरीतून यंदा कॉलरा पसरणार, असं यंत्र सांगतंय," डॉ. रेवती धारप म्हणाल्या. "लस आहे आपल्याकडे."

"सगळीच गावं वाचली, तर यंत्राचं भाकीत खरं होतं हे वर पटवायचं कसं? दरवर्षी एक गाव सोडावंच लागतं," आरोग्य खात्याचे संचालक म्हणाले.

रेवतीबाईंनी निवखोल वगळलेल्या लसीकरणाच्या यादीवर सही केली.

महिन्याभराने निवखोलच्या सरपंच हौसाबाई पेढे घेऊन कचेरीत आल्या.

"लशीची गाडी सगळीकडं फिरली, आमच्याकडं न्हाई आली. म्हंजी आमच्या गावाला धोकाच न्हाई! लई उपकार झाले, बाई."

रेवतीबाईंनी पेढा कसाबसा गिळला. त्यांना ठसका लागला.

हौसाबाईंनी लगबगीने पिशवीतून बाटली काढली. "घ्या, आमच्या विहिरीचंच हाय."

"नको," रेवतीबाई झटकन मागे सरकल्या. "माझं मी आणलंय."