रजनीच्या मिशा

रजनीला मिशा फुटल्या, तेव्हा केतकीच्या हातातली पोह्यांची बशी कलंडलीच. मंगळावर निघालेल्या यानाच्या त्या मालिकेचा आजचा भाग तिनेच लिहिला होता. त्यात कॅप्टन ऊर्मिला इंजिनीअर रजनीला लग्नाची मागणी घालते. आईअण्णांनी आधी हे बघावं, मग आपणही आपलं सांगून टाकावं, एवढ्यासाठी केतकी रविवार साधून साताऱ्याला आली होती. पण पडद्यावर रजनीचा चक्क राजन झाला होता.

"जोडी शोभते हो!" आई म्हणाली.

हे नवे टीव्ही समोर बसलेल्यांची धडधड ओळखत. खोलीत जो सगळ्यात जास्त घाबरलेला असेल, त्याला झेपेल अशीच गोष्ट ते दाखवत. अण्णाच घाबरले असणार, केतकीने ठरवून टाकलं.

"अण्णा, कंदी पेढे आणता का?"

अण्णा पिशवी घेऊन बाहेर पडले. तिने प्रसंग मागे नेला. मिशा तशाच. म्हणजे आई!

"आई, तूही जा ना. ते परत भलत्याच दुकानातून आणतील."

"तेही खरंच," म्हणत आईने चपला सरकवल्या.

दार लागलं. आता खोलीत केतकी एकटीच होती. तिने खोल श्वास घेतला आणि प्रसंग पुन्हा लावला. ऊर्मिलाने हात पुढे केला.

समोर राजन उभा होता, मिशीतल्या मिशीत हसत.